पीएमसी म्हणून सोसायटीच्या सभेपुढे जायचे आहे, टीमची तयारी कशी करून घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दादरमध्ये आठ जणांचे आर्किटेक्ट ऑफिस आहे. विलेपार्ले पूर्वेच्या 32 सदनिकांच्या एका सोसायटीने पुनर्विकासासाठी पीएमसी, म्हणजे सोसायटीच्या बाजूने काम पाहणारा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, नेमायचा म्हणून दरपत्रके मागवली. छाननीत तुमच्यासह तीन फर्म उरल्या आणि आता तिघांनाही विशेष सर्वसाधारण सभेपुढे बोलायचे आहे. प्रत्येकी 20 मिनिटे सादरीकरण, मग सभासदांचे प्रश्न. याआधी दोन सोसायट्यांत तुम्ही शेवटच्या फेरीत मागे पडलात, आणि कारण कळले ते एवढेच की 'काम चांगलं आहे, पण टीमवर विश्वास बसला नाही'. हातात महिनाभर आहे. टीमची तयारी कशी करावी?

अशा सभेच्या दोन्ही बाजूंना मी बसलो आहे. पीएमसी म्हणून निवडीसाठी उभा राहिलो आहे, आणि नात्यातल्या-ओळखीतल्या सोसायट्यांना पीएमसी निवडायला मदतही केली आहे. त्यावरून माझे मत पक्के झाले आहे. शेवटच्या फेरीत आलेल्या तिघांनाही काम येते, हे सभासदांनी मनाशी मान्य केलेले असते. त्या दिवशी ते माणसे निवडतात. पुढची पाच-सहा वर्षे बिल्डरसमोर आपल्या बाजूने कोण बसणार, फोन कोण उचलणार, आणि ज्या इमारतीत आपले आयुष्य गेले ती यांनी नीट पाहिली आहे का, हे ते शोधत असतात. त्यामुळे महिन्यातला बहुतेक वेळ स्लाइडवर घालवू नका. तो त्यांच्या इमारतीवर आणि तुमच्या माणसांवर घाला.

सुरुवात इमारतीपासून. सेक्रेटरींना रीतसर ईमेल करून जागा पाहण्याची परवानगी मागा आणि सोबत कागदपत्रांची यादी द्या: प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशे, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणे) झाले असल्यास त्याचा दस्त, आणि झाले असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल. बाकीच्या दोन फर्मनाही हीच कागदपत्रे दिली तरी आमची हरकत नाही, असे त्याच पत्रात लिहा. या एका वाक्याने कमिटीला तुमचा स्वभाव कळतो. आणि कुणा ओळखीच्या सभासदाच्या घरी चहाला जाऊन आतली बातमी काढू नका. 32 घरांच्या सोसायटीत ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते.

जागा पाहायला सभेत बोलणारी सगळी माणसे जाऊ देत. एकाने पाहून इतरांना सांगणे पुरत नाही. समोरच्या रस्त्याची रुंदी प्रत्यक्ष मोजा, कारण उपनगरात बांधता येणारे क्षेत्र 9, 12, 18 आणि 27 मीटर अशा रस्त्याच्या टप्प्यांवर बदलते, आणि सभासद ज्याला 'चाळीस फुटी रोड' म्हणतात तो नोंदीत तेवढा असेलच असे नाही. डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात या भूखंडावर काय दाखवले आहे याचा दाखला, काढा. रस्ता रुंदीकरणात भूखंडाचा काही भाग जातो का ते पाहा. गच्चीवर जा, जिन्याखाली वाका, टाकीजवळच्या कॉलमला सुटलेले प्लास्टर पाहा. तळमजल्यावर दुकाने असतील तर त्यांच्या पाट्या वाचून घ्या. पुनर्विकासात दुकानदारांचे प्रश्न घरमालकांपेक्षा वेगळे असतात, आणि सभेत ते मागच्या रांगेतून उभे राहून विचारतात.

पार्ल्यात आणखी एक गोष्ट तपासावीच लागते, ती म्हणजे उंची. विमानतळ शेजारी असल्यामुळे इमारतीची कमाल उंची विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत प्रमाणपत्रावर ठरते आणि ती समुद्रसपाटीपासून मोजतात, जमिनीपासून नाही. समजा, एखाद्या भूखंडाला समुद्रसपाटीपासून 50 मीटरपर्यंत परवानगी मिळाली आणि जमीनच 8 मीटर उंचीवर असेल, तर इमारतीला उरतात 42 मीटर. त्यातच लिफ्टची खोली आणि पाण्याची टाकी बसवायची, खाली पार्किंगचे मजले. कागदावर मिळणारे सगळे क्षेत्र अशा उंचीत बसेलच याची खात्री नसते. बोरिवलीकडच्या नातेवाइकांना काय मिळाले ते ऐकून आलेल्या सभासदांना ही गोष्ट कुणी समजावून सांगितलेली नसते. रंगवार विभागलेल्या नकाशावरून तुमच्या भूखंडाचा अंदाज आधीच काढता येतो. तो काढा आणि सभेत दाखवा. तीन फर्मपैकी जी हे आपण होऊन सांगेल, तिच्याकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात.

दुसरे असेच ठोस गणित मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावली 2034 मधल्या 33(7)(ब) या नियमाचे. 30 वर्षे किंवा त्याहून जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासात मूळ बांधकाम क्षेत्राच्या 15 टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे 10 चौरस मीटर, यांपैकी जे जास्त असेल तेवढे जादा क्षेत्र प्रीमियम (जादा बांधकामासाठी भरायचे शुल्क) न भरता मिळते. आता 32 सदनिका सरासरी 40 चौरस मीटरच्या धरल्या तर मूळ क्षेत्र 1,280 चौरस मीटर, त्याचे 15 टक्के म्हणजे 192, आणि सदनिकेमागे 10 प्रमाणे 320. म्हणजे लहान घरांच्या सोसायटीला दुसरा हिशोब फायद्याचा. सदनिका साधारण 67 चौरस मीटरच्या पुढे गेल्या की पहिला. ही चार ओळींची बेरीज-गुणाकार त्यांच्याच आकड्यांनी फळ्यावर मांडा. नियमावलीचे पान स्लाइडवर चिकटवण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

आता माणसे. सभेला कोण जाणार हा निर्णय बहुतेक ऑफिसांत हुद्द्यावरून होतो आणि नुकसान तिथूनच सुरू होते. मालक आर्किटेक्ट, त्यांचे भागीदार, मोठे वकील, नावाजलेले स्ट्रक्चरल इंजिनिअर असे सगळे रांगेत बसतात, आणि जी मुलगी उद्या रोज सोसायटीत जाणार, मोजमापे घेणार, सभासदांचे फोन उचलणार, ती ऑफिसात असते किंवा लॅपटॉप धरून कोपऱ्यात उभी असते. सभासदांना हे दिसते. प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारतेच, 'तुम्ही सगळे मोठे आहात, पण आमच्याकडे येणार कोण?' या प्रश्नाचे उत्तर त्या खुर्चीवर बसलेले असले पाहिजे.

माझा आग्रह चार जणांचा आहे. प्रमुख आर्किटेक्ट, प्रत्यक्ष काम पाहणारी प्रोजेक्ट आर्किटेक्ट (वर सांगितलेली ती मुलगी), स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि वकील. चौघांनीही बोलायचे. जो बोलणार नाही त्याने यायचे नाही. इंजिनिअर आणि वकील तुमच्या ऑफिसचे नसतील, आणि ते चालते. पण ते या कामात शेवटपर्यंत राहणार आहेत की फक्त सभेपुरते आहेत, हे आधी त्यांच्याशी स्पष्ट बोलून घ्या. निवडीच्या दिवशी एक चेहरा आणि करारानंतर दुसरा, असे झालेल्या सोसायट्या पार्ल्यात आणि मुलुंडमध्ये पुष्कळ आहेत. लोक आता थेट विचारतात: 'हे साहेब पुढच्या मीटिंगलाही येणार ना?'

वीस मिनिटांची वाटणी मी अशी करतो. प्रमुखाने सुरुवातीला तीन-चार मिनिटे बोलावे, फर्मची ओळख दोन वाक्यांत उरकावी आणि लगेच इमारतीवर यावे. त्यानंतरचा सर्वांत मोठा भाग प्रोजेक्ट आर्किटेक्टचा: या भूखंडावर आम्ही काय पाहिले, नेमणूक झाली तर पहिले तीन महिने काय करणार, प्रत्येक सदनिकेचे मोजमाप कसे घेणार, नोंदीवर सभासदाची सही कशी घेणार, प्रकल्प अहवाल कधी देणार. इंजिनिअरने इमारतीच्या प्रकृतीवर तीन मिनिटे, वकिलाने मालकी हक्क आणि करार यांवर तीन मिनिटे. तुमच्या जुन्या प्रकल्पांची चित्रे दोन पुरेत, तीही याच आकाराच्या सोसायटीची. 60 मजली टॉवरचे चित्र 32 घरांच्या सोसायटीला दाखवले की 'यांना आमचं काम लहान वाटेल' हीच शंका येते.

सराव म्हणजे स्लाइड वाचून दाखवणे असा बऱ्याच ऑफिसांत समज असतो. पहिला सराव स्लाइडशिवाय करा. प्रत्येकाने उभे राहून साध्या मराठीत सांगायचे: या कामात मी नेमके काय करणार. यातच अर्ध्या गोष्टी उघड होतात. दोघे जण एकच काम आपले म्हणून सांगतात, आणि टेंडरच्या तुलनेचा तक्ता कोण करणार हे कुणालाच माहीत नसते. ते तिथेच मिटवा.

दुसऱ्या सरावाला बाहेरची माणसे बोलवा. तुमच्यापैकी कुणाचे आई-वडील, मावशी, निवृत्त शेजारी, जे खरोखर जुन्या सोसायटीत राहतात आणि ज्यांना पुनर्विकासाची धास्ती आहे अशी माणसे. त्यांना सांगा, मनात येईल ते विचारा, भीड धरू नका. ते कुठे ऐकणे सोडून देतात ते पाहा. 'फंजिबल', 'टीडीआर', 'लोडिंग' हे शब्द आले की चेहरे कोरे होतात. ते शब्द टाकून द्या असे मी म्हणत नाही, कारण पुढे करारात तेच येणार आहेत. पण पहिल्यांदा उच्चारताना एका वाक्यात अर्थ सांगा. या सरावाचे मोबाइलवर चित्रीकरण करा आणि नंतर टीमने मिळून पाहा.

त्या चित्रीकरणात एक गोष्ट हमखास दिसेल. प्रोजेक्ट आर्किटेक्ट बोलत असताना प्रमुख मध्येच 'मी जरा यात भर घालतो' म्हणतात, किंवा तिचे वाक्य आपणच पूर्ण करतात. त्यांच्या मनात वाईट काही नसते. पण समोरच्या 60-70 माणसांना त्यातून एवढेच कळते, की हिच्यावर तिच्याच साहेबांचा भरवसा नाही. मग आपण का ठेवायचा? तुमच्याकडे 'टीमवर विश्वास बसला नाही' असे दोनदा ऐकू आले, त्याचे मूळ इथे आहे का, हे प्रामाणिकपणे तपासा. प्रमुखांसाठी नियम साधा आहे: तिचे उत्तर थोडे अपुरे राहिले तरी चालेल, मध्ये बोलायचे नाही. आकडा चुकला असेल तरच, आणि तेही तिचे बोलून झाल्यावर. हा नियम पाळणे ज्येष्ठ माणसाला फार अवघड जाते, म्हणून त्याचाच सराव सर्वांत जास्त लागतो.

प्रश्नोत्तरांसाठी एक पद्धत ठरवून ठेवा. प्रश्न आला की प्रमुखाने तो एका वाक्यात पुन्हा सांगायचा, कारण मागच्या रांगेला तो ऐकू गेलेला नसतो, आणि उत्तर कोण देणार त्याचे नाव घ्यायचे. उत्तर देणाऱ्याने आधी उत्तर द्यायचे, कारणे नंतर. एका प्रश्नाला एकच माणूस. उत्तर ठाऊक नसेल तर 'हे तपासून अमुक दिवसापर्यंत सेक्रेटरींना लेखी कळवतो' असे सांगायचे आणि चौघांपैकी एकाने ते सर्वांसमोर वहीत लिहायचे. उगाच अंदाजाने बोलू नका. या सभांचे चित्रीकरण होते, आणि तुम्ही सहज दिलेले आश्वासन चार वर्षांनी ताबा रखडला की कुणीतरी मोबाइलवर लावून दाखवते.

प्रश्न कुठले येतील? तपशील बदलतात, पण मुळातले थोडेच असतात.

'आम्हाला किती टक्के जास्त मिळणार?' हा पहिला आणि सगळ्यांच्या मनातला. तुमच्या आधी बोललेल्या फर्मने 40 टक्के सांगून टाकले असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे 45 म्हणण्याचा मोह होतो. करू नका. काम मिळेल, पण पुढे टेंडर उघडल्यावर 28 निघाले की बिल्डरपेक्षा आधी तुमच्यावर संताप निघेल, आणि तो योग्यच असेल. टीमने एकच उत्तर ठरवावे आणि चौघांनाही ते पाठ नव्हे, पटलेले असावे. ते साधारण असे: 'आकडा तीन गोष्टींवर ठरतो. रस्त्याची रुंदी, विमानतळामुळे मिळणारी उंची आणि तुमच्या भागातला विक्रीचा दर. पहिल्या दोन आम्ही तपासल्या आहेत, त्या अशा आहेत. तिसरी आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, ती टेंडरमध्येच कळेल. टेंडर काढताना कार्पेट क्षेत्र किंवा कॉर्पस, म्हणजे बिल्डरने द्यायची ठोक रक्कम, यांपैकी एक गोष्ट पक्की ठेवून दुसरीवर बोली मागवतात, म्हणजे सगळे बिल्डर एकाच मापाने तोलता येतात.' इतके सांगून गप्प बसा. सभागृहात थोडी चुळबुळ होईल. होऊ द्या. मतदानाच्या वेळी लोकांना हे आठवते.

त्याच्या पाठोपाठ येते, 'कार्पेट म्हणजे कुठले कार्पेट?' रेरा या 2016 च्या स्थावर मालमत्ता कायद्यातल्या व्याख्येत घराच्या आतल्या भिंतींची जाडी धरली जाते, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरली जात नाही. जुन्या करारातले क्षेत्र बहुधा बिल्टअपमध्ये, म्हणजे भिंती धरून, असते. बंद केलेली बाल्कनी मोजायची की नाही, यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाद होतात. सगळ्यांना एकाच व्याख्येने मोजू आणि ती व्याख्या मोजणीच्या आधी सभेत मंजूर करून घेऊ, हे उत्तर प्रोजेक्ट आर्किटेक्टने द्यावे.

मग फीचा प्रश्न, आणि माझ्या मते हाच निवडीचा खरा प्रश्न आहे. 'तुमची फी शेवटी बिल्डरच देणार ना? मग तुम्ही बाजू कुणाची घेणार?' बहुतेक फर्म इथे दुखावल्यासारख्या होतात आणि आपल्या सचोटीबद्दल बोलू लागतात. सभासदाला तुमच्या स्वभावाची हमी नको असते, व्यवस्था हवी असते. ती तयार ठेवून जा. टेंडरपर्यंतच्या टप्प्यांची फी सोसायटीने स्वतःच्या निधीतून द्यावी, रक्कम लहान असली तरी. पुढची रक्कम बिल्डरने सोसायटीच्या खात्यात भरावी आणि सोसायटीने, आमचे काम तपासून, आम्हाला द्यावी. बिल्डरकडून थेट एक रुपयाही आमच्याकडे येणार नाही. याच प्रकल्पात बिल्डरचे आर्किटेक्ट म्हणून किंवा महापालिकेतल्या मंजुऱ्यांसाठी आम्ही वेगळी नेमणूक घेणार नाही. गेल्या काही वर्षांत ज्या बिल्डरांसोबत काम केले त्यांची यादी आम्ही लेखी देतो. त्यांच्यापैकी कुणी टेंडर भरले तर तुलनेचा तक्ता सभेपुढे ठेवताना तसे नमूद करू. ही वाक्ये म्हणायची तर आधी ऑफिसात ती मान्य व्हायला हवीत. भागीदारांपैकी कुणाला ती जड वाटत असतील तर तो वाद सभेच्या आधी घरात मिटवा, कारण सभेत क्षणभर जरी एकमेकांकडे पाहिलेत तरी संपले.

इंजिनिअरला विचारतात, 'इमारत खरंच धोकादायक आहे का? दुरुस्ती करून भागणार नाही का?' विचारणारे बहुधा सर्वांत वयस्कर असतात आणि त्यांना घर सोडून जायचे नसते. त्यांना घाबरवून बाजूला करणारा इंजिनिअर मला अजिबात आवडत नाही. सी-1 म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची इमारत, सी-2 मध्ये दुरुस्ती शक्य असते, कधी रिकामी करून तर कधी न करता, आणि सी-3 ला किरकोळ दुरुस्ती पुरते, हे त्याने शांतपणे सांगावे. तुमची इमारत यांत कुठे बसते हे रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ-सेल अशा चाचण्यांशिवाय मी आज सांगणार नाही, हेही सांगावे. दुरुस्तीचा पर्याय खुला असेल तर तसे म्हणायला त्याला मोकळीक हवी. पीएमसीचे काम गेले तरी चालेल, इतकी ती मोकळीक खरी असावी.

वकिलाचे प्रश्न बहुतेक कन्व्हेयन्सभोवती फिरतात. जमीन अजून मूळ बिल्डरच्या नावावर असेल तर मोफा या 1963 च्या सदनिका कायद्याखालचे मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणे) आधी करून घ्यायचे की नाही, किती वेळ लागेल, मूळ जमीनमालकाचे वारस कुठे आहेत. सभेत एखादे निवृत्त वकील असतातच. ते 79अ वर येतात, म्हणजे सहकारी संस्था कायद्याच्या ज्या कलमाखाली सरकारने पुनर्विकासाच्या प्रक्रियेचे निर्देश दिले त्यावर. तुमच्या वकिलाला 3 जानेवारी 2009 आणि 4 जुलै 2019 हे दोन्ही शासन निर्णय तोंडपाठ नसले तरी त्यांतला फरक माहीत हवा: सभेची गणपूर्ती तीन चतुर्थांशावरून दोन तृतीयांशावर आली आणि पुनर्विकासाच्या निर्णयाला एकूण सभासदांच्या 51 टक्के संमतीची अट आली. हे निर्देश बंधनकारक की मार्गदर्शक, यावर उच्च न्यायालयाने ते मार्गदर्शक स्वरूपाचे असल्याचे म्हटले आहे, पण 'मग पाळायची गरज नाही' असा सूर तुमच्या टीममधून निघू देऊ नका. प्रक्रिया पाळणारी सोसायटी पुढे कोर्टात टिकते. सभासदांच्या वैयक्तिक करारावरच्या मुद्रांक शुल्काबद्दलही विचारणा होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालाने डेव्हलपमेंट अॅग्रीमेंटवर (सोसायटी आणि बिल्डर यांच्यातल्या करारावर) शुल्क भरल्यानंतर सभासदाला मोफत मिळणाऱ्या जागेच्या करारावर पुन्हा पूर्ण शुल्क लागत नाही, हे दिलासा देणारे उत्तर आहे. विकत घेतलेल्या जादा जागेचे वेगळे, हे लगेच जोडावे.

आणि एक प्रश्न येईल ज्याला सगळे घाबरतात: 'तुमचा एखादा प्रकल्प अडकला आहे का?' असेल तर हो म्हणा. कुठे, कशामुळे, आणि सोसायटीच्या बाजूने तुम्ही तिथे काय केले ते सांगा. भाडे थकल्यावर बँक गॅरंटी वठवली का, नोटीस दिली का, सभासदांसोबत उपनिबंधकांकडे गेलात का. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मुदतवाढ कुणालाही दिसते. तुमच्यासमोर बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी मुलाने ती पाहिलेली असते. शक्य असेल तर त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून त्यांचा संपर्क द्या. अडकलेल्या प्रकल्पातला सभासद 'हे लोक आमच्यासोबत उभे राहिले' म्हणाला, तर त्याचे वजन पूर्ण झालेल्या चार प्रकल्पांच्या चित्रांहून जास्त असते.

सभेत दोन गट असतील. एखादे गृहस्थ कमिटीवरचा जुना राग तुमच्यावर काढतील. तुम्ही कमिटीची बाजू घेऊ नका आणि त्यांचीही घेऊ नका. प्रश्नातला तांत्रिक भाग उचला, तेवढ्याचे उत्तर द्या. चेअरमनकडे मदतीसाठी पाहू नका. गुजराती किंवा इंग्रजीत प्रश्न आला तर जमत असेल त्या भाषेत उत्तर द्या आणि गाभा मराठीतही सांगा. पार्ल्याच्या कित्येक घरांतली मुले परदेशात आहेत, ती ऑनलाइन ऐकत असतील, तर माइकशिवाय बोलू नका.

बारीकसारीक तयारी लवकर सांगतो. प्रोजेक्टर, वायर, एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचे न्या. सभागृहात दिवसा उजेड असेल तर स्लाइड दिसत नाहीत, म्हणून मुख्य गणित ए-3 कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत छापून प्रत्येक घराला एक प्रत द्या. त्यावर चौघांची नावे आणि कामे असू देत, आणि प्रोजेक्ट आर्किटेक्टचा ऑफिसचा नंबर. वीस मिनिटे म्हणजे अठरा समजा.

सरावाच्या आधीच एक गोष्ट तपासून घ्या. बिल्डर ठरलेला आहे आणि कागद पूर्ण करण्यापुरता पीएमसी हवा आहे, असे कधी कधी असते. दरपत्रक मागवतानाच एखाद्या बिल्डरचे नाव पुढे येते, किंवा टेंडरची अट अमुकच ठेवा असे सुचवले जाते. 79अ नुसार विकसक कमिटी सदस्याचा नातेवाईक नसावा. त्याबद्दलही सरळ विचारा. उत्तर पटले नाही तर नम्रपणे माघार घ्या आणि टीमला कारण सांगा. तुमच्या तरुण मुलांना त्यातून जे कळेल ते कुठल्याही सरावात शिकवता येणार नाही.

सभा झाल्यावर निकालासाठी फोन करू नका. वहीत लिहिलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी चौघांनी मिळून वाटून घ्या, उत्तरे एका पत्रात सेक्रेटरींना द्या आणि ते सर्व सभासदांना पाठवावे अशी विनंती करा. सही प्रोजेक्ट आर्किटेक्टची असू द्या. निवड झाली नाही तरी हे पत्र द्याच. आणि त्या वेळी सेक्रेटरींना भेटून नेमके कुठे कमी पडलो ते विचारा, पण एकटे जाऊ नका, प्रोजेक्ट आर्किटेक्टलाही सोबत घेऊन जा.